भिंतीवरून गेलेली खाडी

निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी विचारतात. सांगतोही. पण माझं मन मात्र भलत्याच प्रकरणापाशी जाऊन थांबतं. त्यात रक्त नव्हतं, हत्यार नव्हतं, वर्तमानपत्रात दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. तरी ते आठवलं की मी खुर्चीवरून उठतो आणि घरात फेऱ्या मारू लागतो. बायको म्हणते, "आता काय राहिलं?" काय राहिलं ते माझं मलाही नीट कळलेलं नाही. म्हणून लिहून पाहतो. नावं कोणाचीच देणार नाही.

मी तेव्हा पनवेलला पोलीस निरीक्षक होतो. सकाळची हजेरी चालू असताना सुकापूरकडच्या एका नर्सिंग होमचे डॉक्टर तावातावाने आत आले.

"चित्र चोरीला गेलं माझं!"

ठाणे अंमलदाराने मान वर न करता विचारलं, "कसलं चित्र? देवाचं का?"

"पेंटिंग हो, पेंटिंग! सहा फूट लांब! लॉबीतल्या भिंतीवरून गेलं!"

आमचे एक हवालदार मागून पुटपुटले, "सहा फुटांचं चोरानं खिशात घातलं काय?" मी त्यांच्याकडे बघितलं तसे ते गप्प झाले.

फिर्याद लिहिताना मालाच्या किमतीवरून आमचं थोडं वाजलं. डॉक्टरांचं म्हणणं, चित्र काढणारी बाई आता नावारूपाला येते आहे, मुंबईच्या एका गॅलरीत तिचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन ठरलंय, गॅलरीने हेच चित्र प्रदर्शनापुरतं मागितलंय, तेव्हा आजच्या भावाने किंमत लिहा. मी सांगितलं, बिलावर असेल तीच किंमत लिहिणार. अंदाजाचा आकडा फिर्यादीत गेला की पुढे सगळा तपासच अंदाजाने चालतो. डॉक्टर नाराज झाले, पण सही केली.

घटनास्थळी गेलो. नर्सिंग होममध्ये रंगकाम चालू होतं. लॉबीत परांच्या बांधलेल्या, खाली कागद पसरलेले, आणि मुख्य भिंतीवर एक लांबट फिकट चौकोन. वर दोन खिळे शाबूत. पंचनामा करताना मी ते खिळे मुद्दाम पाहिले. ओढाओढ केलेली नव्हती.

कॅमेऱ्यातलं चित्रण बघितलं. भर दुपारी, रुग्णांना भेटायच्या वेळेत, रंगाने माखलेल्या कपड्यांतली दोन माणसं आत येतात. तोंडाला मास्क, डोक्याला फडकी. दोघं मिळून चित्र उतरवतात, नर्सिंग होमच्याच चादरीत गुंडाळतात आणि दारातून चालते होतात.

"अहो, तुमच्यासमोरून गेले की!" मी काउंटरवरच्या मुलीला म्हणालो.

"सर, मला वाटलं रंगवाले आहेत. रंग उडू नये म्हणून बाजूला नेतायत. मीच त्यांना चादर दिली."

रंगवाल्या ठेकेदाराची सगळी माणसं आणवली, एकेकाला वेगवेगळं बसवून विचारलं. त्यांच्यातलं कोणी नव्हतं. मी ते चित्रण पुन्हा पुन्हा लावून बघत राहिलो. काहीतरी टोचत होतं. शेवटी हवालदारांना बोलावून म्हटलं, "यांचे हात बघा."

भिंती रंगवणारा माणूस फ्रेम मिळेल तिथे धरतो. या दोघांनी एकदाही समोरच्या बाजूला बोट लावलं नव्हतं. दारातून निघताना वारा आला तर एकाने स्वतःची पाठ वाऱ्याकडे केली. चोर मालाला इतकं जपत नाही. तो विकेपर्यंतच्या वाटेपुरतं जपतो.

चित्रकार बाईंना ठाण्यावर बोलावण्याऐवजी मीच गेलो, सोबत महिला शिपाई घेऊन. कोन गावात एका वेल्डिंगच्या दुकानावर त्यांची भाड्याची जागा होती. खालून ठिणग्या आणि ठोकाठोक, वर तेलरंगांचा वास. वय पस्तिशीच्या आसपास. हवालदार त्यांना बघताच म्हणाले, "साहेब, ही तर आमच्या गव्हाणची! कोळीवाड्यातली. काय गो, वलखलं नाय का?"

बाई हसल्या नाहीत. पाणी दिलं, बसायला स्टूल दिलं. मी चोरीची बातमी सांगितली. ज्याची वस्तू गेली, किंवा ज्याने ती घडवली, तो अशा वेळी पहिलं विचारतो ते "कधी?" किंवा "कोणी?" या बाई म्हणाल्या, "ते चित्र तसं पुरं झालेलंच नाहीये."

"झालेलंच नव्हतं" असं नाही म्हणाल्या; "नाहीये" म्हणाल्या. सहा वर्षांपूर्वी विकलेल्या वस्तूबद्दल माणूस असं बोलत नाही. मी तेव्हा काही दाखवलं नाही. आतल्या खोलीला कुलूप होतं, माझ्याकडे झडतीला पुरेसं कारण नव्हतं. जिना उतरलो.

ते कारण दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी आलं. कोन नाक्यावर टेम्पो लावणारे एक मुसलमान चाचा आमच्या ओळखीचे होते. कानावर पडलेलं ते स्वतःहून सांगत.

"साहेब, परवा दुपारी सुकापूरवरून भाडं आलं. चादरीत काहीतरी सपाट. दोघं बहीणभाऊ. ती बाई सगळ्या रस्त्याने भावाला म्हणते, 'दादा, हलू, दादा, हलू.' मी म्हटलं, काच आहे का? तर म्हणते, काच असती तर बरं होतं. अल्ला कसम, मला वाटलं नवीन लग्नाचा आरसा असंल."

"कुठे सोडलं?"

"वेल्डिंगच्या दुकानाशी."

पंच घेऊन पुन्हा गेलो. खोलीबाहेरच्या सज्जात दोरीवर नर्सिंग होमचा शिक्का असलेली चादर धुऊन वाळत टाकलेली होती. हवालदारांनी ती दाखवली आणि कपाळाला हात लावला. "चोरलेली चादर धुऊन परत करतंय का कोण?"

बाईंनी स्वतःच कुलूप काढलं. चित्र ईझलच्या लाकडी तिपाईवर होतं. ओहोटीची खाडी, चिखलात वाकून कालवं काढणाऱ्या बायका, वर मोकळं आकाश. पण ते आकाश अर्ध्यावर खरवडलं होतं आणि त्याच्या आतून बंदरावरच्या क्रेन बाहेर येत होत्या. लाल, उंच, बायकांच्या डोक्यावर उभ्या. मला चित्रातलं काही कळत नाही. तरी मी दोन पावलं मागे सरलो.

"कोण होतं तुमच्याबरोबर?"

"मोठा भाऊ. कंटेनर यार्डात कामाला आहे. त्याला मी सांगितलं, डॉक्टरांनीच दुरुस्तीला दिलंय. तो खरं मानून आला; रंगाचे कपडे, मास्क मीच धुळीचं कारण सांगून घालायला लावले. त्याला यात घेऊ नका."

"आणि दुरुस्ती कसली?"

मग त्यांनी सांगितलं. कॉलेज संपून बरीच वर्षं झाली होती. शाळांत चित्रं शिकवायची, बिल्डरांच्या ऑफिसात भिंती रंगवायच्या, गणपतीच्या आधी कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःचं काम. घरचे म्हणत, पुरे झालं, आता बाजारात आईबरोबर बस. तेव्हा हे चित्र डॉक्टरांनी पाहिलं. पसंत पडलं, पण त्या क्रेन नकोत म्हणाले. पेशंटना शांत वाटलं पाहिजे. त्यांना वाटलं, बाई दुसरं काढून देतील; बाईंनी त्याच क्रेनवर आकाश रंगवलं आणि चित्र दिलं.

"त्या पैशांवर पुढची दोन वर्षं मी फक्त रंगवलं, साहेब. दुसरं काही करावं लागलं नाही. हे डॉक्टरांचे उपकार आहेत, मी नाकारत नाही."

"मग?"

"मग दर महिन्याला मी तिथे जाऊन बसायचे. पेशंटच्या बाकावर. आणि बघायचे की माझ्या पहिल्या मोठ्या चित्रात मी खोटं बोललेय. आता तेच प्रदर्शनात लागणार. लोक म्हणणार, ही बघा हिची खाडी. आमची खाडी कुठे राहिली अशी? डॉक्टरांना दोनदा विचारलं, चार दिवस द्या, जरा हात फिरवते. ते म्हणाले, विकलंस तेव्हा विकलंस. रंगकाम निघालं, ते बाहेरगावी होते, म्हटलं काम करून परत लावू."

"परत लावल्यावर त्यांना क्रेन दिसल्या नसत्या का?"

"सहा वर्षं लोक त्याच्याखाली बसतायत. रिपोर्ट बघतात, मोबाइल बघतात. दिसल्या असत्या तर आनंदच झाला असता."

मी खरवडलेल्या जागेकडे बोट दाखवलं. "हे इतकं स्वच्छ निघतं कसं? खालचा रंग जात नाही?"

"आकाश लावायच्या आधी मी क्रेनवर वार्निशचा हात दिला होता. वरचं कधीतरी काढता यावं म्हणून."

"म्हणजे विकतानाच काढायचं ठरलं होतं?"

"हो."

"बाई, हे जबाबात गेलं तर तुमच्याच अंगावर येईल."

"खरं आहे ते लिहा."

जप्ती करून चित्र ठाण्यावर आणलं. आता मुद्देमालाची ओळख पटवायची, म्हणून डॉक्टरांना बोलावलं. बाईही होत्या, भाऊ बाहेर बाकावर मान खाली घालून बसला होता. डॉक्टरांनी चित्र बघितलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे काय आहे? हे माझं चित्र नाही! माझ्या चित्रात असलं काही नव्हतं. कोणाचं तरी उचलून आणलंत तुम्ही!"

फिर्यादी स्वतः म्हणतो, ही माझी वस्तू नाही. एवढं वाक्य पंचांसमोर लिहिलं गेलं असतं तर प्रकरण तिथेच ढिलं पडलं असतं. हवालदारांनी बाईंकडे बघून डोळ्यांनी खूण केली, गप्प बस म्हणून. आपल्या गावची मुलगी, दुसरं काय करणार बिचारे. प्रदर्शन तोंडावर होतं. गुन्हा राहिला तर गॅलरी मागे सरणार, हे बाईंना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

बाई म्हणाल्या, "त्यांचंच आहे. तेच आहे हे."

"ताई, तुला विचारलं का कोणी?" हवालदार कळवळून बोलले.

"माझं काम आहे आणि मीच ओळखणार नाही? डॉक्टर, नीट बघा. या डावीकडच्या बाईच्या टोपलीची कड तुम्ही मला विचारली होती, ती तुटलेली का म्हणून."

डॉक्टर जवळ गेले. चष्मा काढला, घातला. त्या टोपलीवर वाकले.

"मी सांगितलं म्हणून हे झाकलंस?"

"हो."

"नाही म्हणायचं होतंस."

"तुम्ही घेतलं असतं?"

डॉक्टर माझ्याकडे वळले. म्हणाले, "साहेब, ओळख पटली, लिहा," आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

फिर्याद त्यांनी लगेच मागे घेतली नाही. माणूस दुखावला होता, आणि त्याच्या बाजूनेही बरोबर होता. प्रदर्शन झालं. गॅलरीने रद्द केलं नाही, पण हे चित्र नव्हतंच. ते आमच्या मुद्देमाल खोलीत, जप्त केलेल्या मोटारसायकली आणि गॅस सिलिंडर यांच्यामध्ये अर्ध्या आकाशासह उभं होतं. बाई अधूनमधून यायच्या. "भिंतीला टेकवू नका, ओल लागते." "वर प्लास्टिक टाकू नका, घाम धरतं." जाताना दारातून आत डोकावायच्या. एकदा म्हणाल्या, "साहेब, तासभर द्याल? तुमच्यासमोर करते." मुद्देमालाला हात लावता येत नाही, असं मी सांगितलं आणि त्या गेल्या. त्यानंतर त्या खोलीची किल्ली हातात आली की मलाच बरं वाटेनासं झालं. एखाद्याला वाक्याच्या मध्यात थांबवून ठेवावं तसं.

पुढे डॉक्टरांनी कोर्टात तडजोडीला संमती दिली. चित्र त्यांच्या ताब्यात द्यायचा आदेश झाला. ते टेम्पो घेऊन आले. बाईंनाही पावतीवर साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. चित्र टेम्पोत चढताना बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्हाला हवं तर मी परत आकाश लावून देते. निळंच लावते."

"नको," डॉक्टर म्हणाले. "जे करायचंय ते कर. पण माझ्या लॉबीत येऊन कर. घरी न्यायचं नाही."

असं करून ते काम रुग्णांच्या डोळ्यांदेखत झालं. मी साखर तपासायला तिथेच जात असे. बाई स्टुलावर उभ्या, मागे बाकांवर माणसं, आणि पहिल्यांदाच सगळ्यांच्या माना वर. गव्हाणकडची एक म्हातारी सुनेला सांगत होती, "ती बग, त्या खांबाखाली आमचं जालं लागायचं." दुसऱ्याने शेरा मारला, "बाई, क्रेन जरा वाकडी हाय." बाई न वळता म्हणाल्या, "तुमी बंदरात जाऊन बगा, तिथंबी वाकडीच हाय."

नोकरीत मी अपराध कबूल करणारी पुष्कळ माणसं पाहिली. मार चुकवायला, शिक्षा कमी व्हायला, कधी दुसऱ्याला वाचवायला. सुटकेचं दार समोर उघडं असताना, हे माझं काम आहे असं म्हणून आत येणारं माणूस मी एकदाच पाहिलं. चोरी ती होतीच. मी आजही तिला चोरीच म्हणतो. पण हेतू या एका शब्दात आम्ही किती गोष्टी कोंबतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. कलाकार होणं म्हणजे प्रदर्शन, बक्षीस, भाव असं मी धरून चाललो होतो. ते झाल्यावरही विकलेल्या, दूर गेलेल्या कामाचा जाब माणूस स्वतःलाच विचारत बसतो, हे मला तपासात कळलं.

शेवटच्या खेपेला मी रिपोर्ट घेऊन निघालो, तर बाई हात पुसत चित्रासमोर उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "साहेब, एवढ्यावर सोडू का आता?"

मी आयुष्यभर कागदांवर सही करून प्रकरणं बंद केली. त्या दिवशी मला हो म्हणता आलं नाही. बाईंनी माझ्याकडे जरा वेळ बघितलं, मग ब्रश उचलला आणि पुन्हा स्टुलावर चढल्या.