माझ्या भेंडीची आतेसासू

देवाने जगातली सगळी झाडं निर्माण केली असतील, पण त्यांना वळण लावायचं काम त्याने माझ्या बायकोच्या आत्याकडे सोपवलं आहे, याबद्दल आत्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. देवाने अजून तरी तिला खोटं पाडलेलं नाही. बहुधा त्याचीही हिंमत होत नसावी.

ओरोसच्या कचेरीतून निवृत्त झाल्यावर आम्ही मालवणजवळ बायकोच्या माहेरगावी लहानसं घर बांधलं. शेजारचं घर आत्याचं; मुलगा मुंबईत, इथे ती एकटीच. मधे कुंपण आहे, पण ते गुरांसाठी. आत्याला लागू नाही. जन्मभर फायली सांभाळलेल्या माणसाला चार झाडं जड नाहीत, अशा घमेंडीत मी मोबाइलवर व्हिडिओ पाहून परसात भेंडी लावली. भेंडी धरली, वाढली, चांगली वीतभर झाली. मी तिचे फोटो नातेवाइकांना पाठवले. आत्या कुंपणातून आली, एका भेंडीचा शेंडा वाकवून पाहिला. तो मोडेना. "जावयांनू, भाजी खावची आसा की दात घासूचे आसत?" तिने विचारलं. मग तासभर शिकवणी झाली. शेंडा कट्‌कन मोडला तर भेंडी कोवळी. दिवसाआड तोडलीच पाहिजे. चार जून भेंड्या झाडावर राहिल्या की झाडाला वाटतं आपलं काम झालं, आणि ते फुलायचं थांबतं. "तुमच्यासारखा," ती शांतपणे म्हणाली. "पेन्शन लागली, बसला पाय पसरून."

तिच्या सल्ल्यांना माप नसतं, आणि ते विचारायची सोयही नाही. पानांवर कीड दिसली की राख भुरभुरायची. किती, असं मी एकदाच विचारलं. "लग्नाक जाताना पावडर लावतास, तितकी." मिरचीच्या मुळात मासे धुतलेलं पाणी घालायचं. मी ते इमानेइतबारे घातलं. मिरची तरारली, आणि गावातल्या सगळ्या मांजरांनी आमच्याकडे मुक्काम हलवला. त्यावर उपाय काय, असं विचारल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मांजरं हा विषय तिच्या खात्यात येतच नाही.

भोपळ्याच्या वेळी तर तिने माझी अब्रूच घेतली. वेलावरचे लिंबाएवढे भोपळे पिवळे पडून गळत होते. आत्याने मला भल्या सकाळी, फुलं उमललेली असताना, वेलाशी उभं केलं आणि पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात धडा सुरू केला. "ह्यो नर. ही मादी, हिच्या फुलाखाली बारको भोपळो आसा बघा. आता नराच्या पाकळ्यो काढा. सगळ्यो! आता हिच्यार हळू घासा. लाजतास कित्याक? लगीन त्यांचा लागताहा, तुमचा न्हय." रस्त्यावर पाववाला सायकल थांबवून संपूर्ण सोहळा पाहून गेला. पंधरवड्यात भोपळा नारळाएवढा झाला. मी कौतुकाच्या अपेक्षेने तिला बोलावलं. तिने त्यावर टिचकी मारली आणि म्हणाली, "भोपळ्याक अक्कल आसा."

शिवाय दुसऱ्याचं पीक वेळेवर काढण्याची तिला फार कळकळ. आम्ही दुपारी पडलो, की ती आमची दोडकी तोडून न्यायची आणि संध्याकाळी कोलंबी घालून केलेली भाजी वाटीभर पाठवायची. उद्यापर्यंत जून झाली असती, हे वर. आमचीच भाजी आम्ही आभार मानून खात होतो.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी परसात गेलो, तर आत्या वाफ्यात बसून तण उपटत होती. उपटलेल्या ढिगात माझी मिरचीची सगळी रोपं होती, आणि वाफ्यात तण दिमाखात उभं होतं. मला राग आला हे खरं. पण त्याहून जास्त, लाज वाटावी इतका, आनंद झाला. आत्या चुकली होती! "आत्या, अहो, ती मिरची होती!" मी ओरडलो.

तिने हातातलं रोप नाकाशी नेलं. पान चुरडून वास घेतला. "व्हय," ती म्हणाली. "मिरचीच ती." आणि तशीच मातीत बसून राहिली.

शेंडा मोडून बघणं, भोपळ्यावर टिचकी मारणं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. मी शेजारी बसलो. "आत्या, दिसत नाही का?"

"दिसता. सावळी दिसता, सगळा धुरकट."

"किती दिवस?"

"दोन वर्सां. कोणाक सांगू नकात. झीलाक कळला तर मुंबईक व्हरतलो. थंय चौथ्या माळ्यार माका कुंडीत लावतलो."

मी अर्थातच बायकोला सांगितलं. दोघांनी मिळून तिला ओरोसला डॉक्टरांकडे नेलं, मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन म्हटल्यावर तिने चवळी काढणीला आल्याचं कारण पुढे केलं. चवळी मी काढतो, असं मी म्हटलं. "तुमी?" ऑपरेशनपेक्षा ती त्यालाच जास्त घाबरली. पण मुलाला कळायच्या आत डोळे बरे झाले तर तो नेणार कशाला, हे बायकोने पटवलं, आणि ती तयार झाली. डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. "जावयांनू, इतके म्हातारे कधी झालात?"

घरी आल्यावर ती आधी स्वतःच्या परसात गेली. वांग्याची पानं उलटून पाहिली, मग वालाची. पानांची चाळण झाली होती. देठांवर पांढरी कीड बसली होती.

"इतकी कीड होती?"

"होती."

"माका कोणी सांगूक नाय?"

"तुम्हाला कोण सांगणार, आत्या?"

ती पायरीवर टेकली. "दिसना नव्हता, तवसर बाग कशी बरी होती," ती म्हणाली.

मग उठून ती एकेक पान पुसू लागली. मला काय करायचं ते तिने सांगितलं नाही. मी पलीकडच्या झाडाशी बसलो आणि पानं उलटायला लागलो.