लिहून पाठवा

वाल्मिक पाटलाला सुरतेत नावाने कोणी ओळखत नाही. पर्वत पाटियापासून भेस्तानपर्यंत तो 'अ‍ॅडमिन भाऊ'. पोटासाठी तो बावीस वर्षं एका कापड मार्केटमध्ये साड्यांच्या घड्या घालतोय, पण ते हातांचं काम. डोकं त्याने वाहिलं ते खान्देशी मित्रमंडळाला.

त्याच्या आधी मंडळाकडे होतं काय? एक लोखंडी कपाट आणि भाषणं ठोकणारे पंधरा लोक. वाल्मिकने गल्लोगल्ली हिंडून, लूम कामगारांच्या खोल्यांत मांडी घालून, एकेकाचा नंबर घेऊन एकेचाळीस व्हॉट्सॲप ग्रुप उभे केले. कोणाला खोली हवी, कोणाच्या पोरीला स्थळ, सगळं तिथे जुळायला लागलं. इच्छापोरच्या कारखान्यात एकाचा हात मशीनमध्ये सापडला, तर अर्ध्या तासात सात जण रक्त द्यायला हजर. हे श्रेय त्याचंच, आणि ते कोणी हिरावू नये.

मग सुपडूचं प्रकरण झालं. भेस्तानचा हा सुपडू वारला, असा आवाजी संदेश कोणीतरी सोडला. ऐकणाऱ्याने तो पुढे ढकलला, त्याने आणखी पुढे. दीडशे माणसं तोंड पाडून दारात उभी राहिली आणि दार उघडलं ते खुद्द सुपडूने, तोंडात मशेरी घेऊन. आठवडाभर लोक पोट धरून हसले. वाल्मिक मात्र शरमेने काळाठिक्कर पडला. त्याने नियम काढला: आवाजी संदेश बंद. जे असेल ते लिहून, ठरलेल्या नमुन्यात, खाली दोन जणांची खात्री. मोडेल तो ग्रुपबाहेर.

आठच दिवसांत भेस्तानच्या ग्रुपवर आवाज उमटला. "राम राम मंडळी, मी सुंदराबाई. सगळा जेवनात का?"

ही त्याची सख्खी मोठी बहीण, त्याची आक्का. भेस्तानला राहायची, नवरा सुकलाल लूमवर. वाल्मिकपेक्षा नऊ वर्षांनी मोठी. आई शेतात मजुरीला जायची तेव्हा या पोराला कडेवर घेऊन फिरण्यात तिची शाळा गेली. तिला सही येत नव्हती, अंगठा होता. नंतर वाल्मिकला सुरतेत आणलं, मार्केटमध्ये चिकटवलं, तेही तिनेच. मोबाईल हातात आला तेव्हा तिच्या पोरीने, वर्षाने, तिला एकच गोष्ट शिकवली: माइकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं.

वाल्मिकने तिला ग्रुपमधून काढलं. लोक म्हणाले, "वा भाऊ, सख्ख्या बहिणीलाही सोडलं नाही!" मंडळाचे अध्यक्ष अशोक सर बँकेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे भोक्ते. त्यांनी सभेत त्याची पाठ थोपटली. आणि हा गडी फुलला की हो! घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

आक्का रागावली नाही. ती आता थेट त्याच्या नंबरवर बोलायला लागली. पण त्या नंबरवर दिवसाला तीनशे संदेश यायचे. तेव्हा त्याने परस्पर जाणारं उत्तर लावून ठेवलं: 'आवाजी संदेश ऐकले जात नाहीत. कृपया लिहून पाठवा.' आक्काच्या नावापुढे न ऐकलेले संदेश साचत गेले. एखाद्या रविवारी भेस्तानला जाऊन येऊ, असं त्याच्या मनात यायचं. रविवारी मंडळाची बैठक असायची.

फाल्गुनातल्या एका सकाळी वर्षाचा फोन आला. आक्का चहा ठेवता ठेवता ओट्यापाशीच कोसळली होती. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

सवाष्ण बाई गेली की तिला शेवटची साडी माहेरची लागते. भाऊ ती घेऊन येईपर्यंत तिरडी उचलत नाहीत. वाल्मिकने शेठला सांगून गाळ्यातली सगळ्यात भारी साडी काढली, हिरवीगार, जरीकाठाची. अशा हजारो साड्यांच्या घड्या त्याने घातल्या होत्या, पण आक्काला एकही कधी दिली नव्हती. रिक्षात ती मांडीवर धरून तो लहान पोरासारखा रडला.

दहाव्याला पिंडाला कावळा लवकर शिवेना. लोक म्हणाले, काहीतरी इच्छा राहिली बाईची. वाल्मिकने हात जोडून, पोरीचं लग्न मी करून देतो, असं म्हटलं. तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा शिववून सगळे उठले.

परतताना वर्षा त्याच्याजवळ आली. मान वर न करता म्हणाली, "मामा, माझ्याकडून एक चूक झालीय. तुमचं ते लिहून पाठवा आलं ना, की आई मला वाचायला सांगायची. खरं सांगायला जीभ रेटायची नाही. मी सांगायचे, मामा म्हणतो, ऐकलं, येतो."

"दरवेळी?"

"दरवेळी. मग ती खुश व्हायची. म्हणायची, मना भाऊ इतला कामात शे, तरी बठ्ठं ऐकस."

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, घडीच्या टेबलाशी एकटाच बसून वाल्मिकने फोन कानाला लावला. एकसष्ट संदेश होते. काम असं एकातही नव्हतं. कळण्यानी भाकर करेल शे, खाई जाय. तुना खोकला कमी व्हयना का? आज तू सपनमा उना, एवढासा, मनी कडवर. एकात तर ती नुसती हसत होती, मागे कुकरची शिट्टी. बहिणीचा आवाज ऐकायला आपण तिच्या मरणाची वाट पाहिली, हे त्याला तिथे लख्ख कळलं, आणि त्याने टेबलावर कपाळ आपटून घेतलं.

शेवटचा संदेश होळीच्या आदल्या दिवसाचा होता. मागे बाजाराचा गलका होता. आक्का नेहमीपेक्षा हळू, थोडी लाजत बोलत होती.

"वाल्मिक, हसजो नको बरं. मी मरसू तवय तू माहेरनी साडी आनशीच. ती आतेच आनी दे ना भाऊ. तवय माले कोठे दिसनार शे ती? एकदाव नेसी लेसू, आरसामा दखसू. हिरवी आन."

त्याखाली त्याचंच उत्तर होतं. लिहून पाठवा. म्हणजे वर्षाने तिला सांगितलं असणार, मामा म्हणतो, ऐकलं, येतो. आणि त्या दिवसापासून आक्का रोज दाराकडे बघत असणार.

साडी त्याने नेली होती. हिरवीच नेली होती. ती चार बायकांनी आक्काला नेसवली, तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते.