लाभ, दोन, तीन

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. गुप्ततेच्या शपथेचं निमित्त सोयीचं होतं. आता ते खातंच बंद झालंय, शपथ देणारे साहेबही गेले. शाबूत आहे ते फक्त माझं खोटं.

कारंज्यातल्या आमच्या कार्यालयावर पाटी भूजल मोजणीची होती, काम वेगळंच होतं. काही गणितं संगणकानं शेवटपर्यंत सोडवली की पलीकडचं काहीतरी अलीकडे येतं. लोक भूत म्हणाले असते, अहवालात आम्ही 'गळती' लिहायचो. ती बुजवायला दोघंच, मी आणि आसेगावचा माझा जोडीदार.

एकानं आत जाऊन यंत्र तोडायचं, दुसऱ्यानं दारात उभं राहून मोठ्यानं आकडे मोजायचे. आत गेलेल्याला परतायला तो आवाज हाच रस्ता. पण मोजणी 'एक'पासून सुरू झाली की तीत ते पलीकडचंही शिरायचं. मग जोडीदारानं कारंज्याच्या धान्यबाजारातली रीत आणली. तिथे मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, मग दोन, तीन. हे का चालतं ते वरच्या गणितज्ञांना कधी कळलं नाही, पण चालायचं.

इंझोरीजवळच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये कुणीतरी पावसाचा अंदाज काढायला गणित लावून ठेवलं होतं. आम्ही भर दुपारी पोचलो तेव्हा खोलीला पाच भिंती होत्या. जोडीदार आत गेला, मी मोजत राहिलो. मध्येच फोन वाजला. वीज तोडायची परवानगी मी सकाळपासून मागत होतो. एक साहेब दुसऱ्याकडे बोट दाखवत होता, दुसरा पहिल्याकडे, आणि आता तिसरा मला अर्ज नव्या नमुन्यात पाठवायला सांगत होता. मी संतापून फोन भिंतीवर फेकला. मोजणी तुटली होती.

"साहेब, काहून थांबले?" आतून तो म्हणाला. "मोजा ना."

रागाच्या भरात माझ्या तोंडून निघालं, "एक."

आतून उत्तर आलं, "दोन." आवाज माझाच होता.

जोडीदार यंत्र तोडून चालत बाहेर आला. अंगावर ओरखडा नव्हता. पण तेव्हापासून त्याला शब्दांचा अर्थ लागत नाही. कुणी काही बोललं की तो त्यातले शब्द मोजतो, बस.

अहवालात मी लिहिलं, की आत घाबरून तोच 'एक' म्हणाला. खात्यात तो निष्काळजी ठरला. त्याच्या बायकोलाही मी तेच सांगितलं.

गेल्या महिन्यात एसटीनं आसेगावला गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. वहिनी तूर निवडत होत्या.

"माझं चुकलं," मी शेजारी बसून त्याला म्हणालो.

"लाभ, दोन," तो म्हणाला.

वहिनींचा हात सुपात थांबला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, हे तर आजबी लाभच म्हनतात. मंग त्या दिशी एक कसं म्हनले असतील? आन् त्यायले सांगून काय होते? मले सांगा, तुमचं काय चुकलं?"

मी म्हणालो, माझी बस चुकेल. आणि उठलो.

रस्ताभर स्वतःवर चिडत एकच वाक्य घोळवत राहिलो, तिथे बाजेवर बसून सांगायचं होतं ते. वहिनी, 'एक' मी म्हणालो होतो.