तेलाच्या डागांचं चित्र

हे वाचणारं कुणी नाही, तरी आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ चुकणार, अन् अक्षर असं की दुसऱ्या दिवशी माझं मलाच लागत नाही.

मी नगरजवळच्या एका कारखान्यात शर्टांना खिसे लावते. माझी मशीन जुनी, सुईपाशी तेल गळायचं. शर्टाला डाग पडला की आमच्या कामावर देखरेख करणारे मास्तर त्याचे पैसे माझ्या पगारातून कापायचे. मशीन दुरुस्त करा, एवढंच म्हणायचं होतं, पण मास्तर समोर आले की तोंडातून शब्द फुटायचा नाही. शिवायच्या आधी मी सुईखाली पांढरी चिंधी धरून तेल टिपून घ्यायचे. तरी डाग पडायचेच.

मग पुण्यात चित्रकला शिकलेली एक मुलगी मालकांना विचारून आमच्याकडं आली. तिला आमच्या कामावर एक मोठं कापडी चित्र करायचं होतं. तिनं प्रत्येकीला हातरुमालाएवढं कापड दिलं. "इथं काम करताना जे वाटतं ते शिवा," म्हणाली. बायकांनी मोर काढले, तुळशी काढल्या, एकीनं जेवणाचा डबा. मला काही सुचेना. शेवटी मी ती चिंधीच घेतली आणि प्रत्येक डागाभोवती लाल दोऱ्यानं टीप मारली.

शेजारच्या मशीनवरची म्हणाली, "अगं ए, आमी मोर दिलं अन् तू फडकं देतीस व्हय? आमची लाज काढतीस!"

मुलीनं सगळे तुकडे जोडून नगरला एका हॉलमध्ये टांगले. आम्हालाही बघायला नेलं. मालक आले होते, मागे मास्तर. मालक माझ्या तुकड्यापाशी थांबले.

"वा, ही नक्षी वेगळीच आहे. कुणाची?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मास्तर मालकांच्या मागेच उभे होते. पण आज गप्प बसले असते, तर पगार असाच कापला गेला असता.

"नक्षी न्हाई साहेब. माझ्या मशीनचं तेल हाय. ह्याचेच पैसे माझ्या पगारातनं कापत्यात."

मास्तर हसले. "साहेब, ही बाई तेल लई घालती, दुसरं काय!"

"तेल तुमीच भरता, मास्तर. उद्या माझ्या जागेवर बसा अन् खाली पांढरं कापड धरून बघा."

हॉलमधली माणसं ऐकत होती. मालकांनी वाकून डाग जवळून बघितले.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः माझ्या मशीनपाशी आले. मास्तरांना बसवलं, कापड धरायला लावलं. दुपारी मेकॅनिक आला.

पगाराच्या दिवशी मास्तरांनी वेगळं पाकीट दिलं. कापलेल्या पैशांतले निम्मेच परत आले होते.

"बाकीचे?"

"एवढ्यावर गप बस की आता. लई बोलायला लागलीस."

"समदे कापले, समदे द्या."

मी तिथंच उभी राहिले. मागं बायकांची रांग थांबली, पण कुणी मला पुढं ढकललं नाही. पुढच्या पगाराला उरलेले आले. मी मास्तरांसमोरच मोजले. पुरे होते.