सर्व्हरवर अडकलेली तीन पत्रं

तारघरातून निवृत्त झाल्यावर मी घरी कॉम्प्युटर घेतला, तेव्हा नागपुरातले सगळे नातेवाईक हसले. एकट्या राहणाऱ्या बाईला कशाला हवा कॉम्प्युटर? त्यात मी एका मासिकासोबत आलेल्या सीडीवरून विंडोजच्या जागी लिनक्स टाकलं, पुस्तक समोर ठेवून, कुणालाही न विचारता. फोनच्या लाइनवरून इंटरनेट जोडणारा मोडेम पंधरा दिवस चालत नव्हता, मग चालला. मला त्याचा फार गर्व झाला होता. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्या गर्वातूनच झालं.

मला मनापासून ईमेल लिहिणारं माणूस एकच होतं, माझी मैत्रीण. सत्तर-ऐंशीच्या दशकांत तारघरात आम्ही शेजारी शेजारी टेलिप्रिंटरवर बसायचो. ती नरखेडकडची. सुटीवरून येताना पिशवीभर मोसंबी आणायची आणि सगळ्या सेक्शनला वाटायची. मशीन अडलं आणि मेकॅनिक वेळेवर आला नाही की मी झाकण उघडून बसायचे; तेवढ्या वेळात माझ्या वाट्याच्या तारा ती पाठवून टाकायची, न सांगता. नवरा गेल्यावर मुलगा तिला इंदूरला घेऊन गेला. तिथं फोन हॉलमध्ये, सगळ्यांच्या कानाशी. म्हणून ती आठवड्यातून एकदा भाजी आणायला म्हणून निघायची आणि सायबर कॅफेत बसून मला लिहायची. भाषा आपलीच, अक्षरं इंग्रजी.

मेल आणायला मी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी, लिहिली होती. ती यादी फोन लावायची, इंटरनेट कंपनीच्या सर्व्हरवरची पत्रं उतरवून घ्यायची आणि किती आली ते सांगायची. आमच्या गल्लीतली फोनची लाइन खरखरायची, दहा-दहा मिनिटांनी तुटायची, आणि तुटली की पडदा इंग्रजी तक्रारींनी भरून जायचा. वैतागून मी स्क्रिप्टमध्ये बदल केला की तक्रारी दाखवूच नकोस. त्यानंतर पडदा स्वच्छ झाला. पत्र असलं तर आकडा, नसलं तर ‘नवीन पत्र नाही’.

एका उन्हाळ्यात रोजच ‘नवीन पत्र नाही’ यायला लागलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. माझ्या शेवटच्या पत्राचं उत्तर तिच्याकडून यायचं होतं, म्हणून आपण होऊन लिहायचं नाही असं मी ठरवलं. तारघरात पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं की निरोप येत नसेल तर आधी आपलं टोक तपासायचं. मी तपासलं नाही. माझ्या हातचं मशीन बिघडेल हे डोक्यातच आलं नाही. ती नातवंडांत रमली, तिला आता नागपूर कशाला आठवेल, असं रोज थोडं थोडं मनात साठत गेलं.

महिना होत आला तेव्हा मी तिला पत्र लिहिलं. ईमेल नाही, पोस्टाचं. ते तिच्या हातात राहावं, असं मला वाटत होतं. त्यातली दोन वाक्यं अजून पाठ आहेत. ‘मुलाच्या घरी सुखात आहेस, तिथंच सुखात राहा. मला आता एकटीनं राहायची सवय झाली आहे, त्यात दुसऱ्या कुणाची अडगळ नको वाटते.’ पेटीत टाकताना बरं वाटलं होतं, तेही खरं आहे.

आठ-दहा दिवसांनी भाच्याचा फोन आला. साखरपुड्याचे फोटो बघितले का, महिना होऊन गेला पाठवून, असं विचारत होता. त्या साखरपुड्याला मला बोलावणं नव्हतं. फोटो आले नाहीत म्हटल्यावर तो म्हणाला की तुझ्या त्या लिनक्समध्येच काहीतरी गडबड असेल. ते मला लागलं. त्याला खोटं पाडायचं म्हणून मी बसले.

स्क्रिप्टमधला तो बदल काढला आणि स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तक्रार लगेच दिसली: पहिलंच पत्र उतरवताना लाइन तुटली. मग स्क्रिप्ट बाजूला ठेवून मी हातानं सर्व्हरशी जोडणी केली, नाव आणि पासवर्ड टाइप केला आणि यादी मागितली. नऊ पत्रं होती. पहिलं एकटंच चार एमबीच्या वर, त्या लाइनवर अर्ध्या तासाचं काम, म्हणजे भाच्याचे फोटो. माझं मशीन दर वेळी त्या पहिल्यापासून सुरुवात करायचं, अर्ध्यात लाइन तुटायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. मागची आठ तशीच पडून, आणि तक्रारी मीच बंद केल्यामुळे पडद्यावर फक्त ‘नवीन पत्र नाही’. मी ते पहिलं न बघताच पुसलं आणि स्क्रिप्ट चालवली. मिनिटभरात आठही उतरली. त्यांतली तीन तिची होती.

पहिल्यात तिनं लिहिलं होतं की मुलगा लहान घर घेतोय, तिची खाट हॉलमध्ये टाकणार. कुणी वाईट वागत नाही, पण कुणाला ती दिसतही नाही. तुझी मागची खोली रिकामीच असते, मी येऊन राहू का? स्वयंपाक मी करीन. दुसऱ्यात होतं की घाई नाही, विचार करून सांग. तिसरं तीनच ओळींचं. ‘तुले अवघड वाटत असन तर राहू दे. मी पुन्हा नाही विचारणार. रागावू नको.’ ते आलं त्याच्या दोन दिवसांनंतर मी माझं पत्र पेटीत टाकलं होतं. तिला ते उत्तर म्हणूनच मिळालं.

मी ताबडतोब इंदूरला फोन लावला. मुलानं उचलला, तिला बोलावलं. मी फोटो, लाइन, स्क्रिप्ट, सगळं एका दमात सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

“तारघरातल्या मशीनी तू दुरुस्त करत होती,” ती म्हणाली. “आन् तुह्या घरच्या मशीनीत माहीच पत्रं अडकली?”

मी हो म्हटलं.

“बरं. पण ते पोस्टाचं पत्र तर तूच लिहिलं ना वं? ते काहून लिहिलं?”

तुझं पत्र आलं नाही म्हणून राग आला होता, असं मी सांगितलं.

“मंग तेच लिहायचं होतं.”

मी म्हटलं, उद्या ये, खोली तयार आहे. ती म्हणाली की आता इथली सोय लागली आहे, आणि फोन मुलाच्या हातात दिला.

तरी मी मागची खोली रिकामी केली, चुना मारून घेतला, नवी गादी करून आणली. पुढच्या वर्षी ती एका लग्नाला नागपुरात आली. लकडगंजला नणंदेकडे उतरली. तासाभरासाठी माझ्याकडे आली, खोली दारातूनच बघितली आणि हवा चांगली येते म्हणाली. चहा घेतला. लग्नातल्या जेवणाबद्दल बोललो.

पुढे मुलाची बदली झाली आणि त्यांनी इंदूर सोडलं. नवा पत्ता तिनं मला कळवला नाही. मी तो लकडगंजला जाऊन तिच्या नणंदेकडून आणला. वहीत लिहून ठेवला आहे. त्या पत्त्यावर अजून काही लिहिलेलं नाही.