डुकरांचा खोकला

चामोर्शीकडच्या एका गावात डुकरं खोकून मरू लागली, तेव्हा जनावरांचा डॉक्टर म्हणून मी तिथे गेलो. तिथे भेटलेल्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीची, आजारी डुकरिणीजवळ मातीत बसलेली. डुकरीण पोट आत ओढून श्वास घेत होती आणि ही ओल्या पदरानं तिच्या नाकपुड्या पुसत होती.

मी सांगितलं, दोन विषाणू एकदमच शिरलेत, यावर औषध नाही.

"एकाच जीवाच्या मागं दोघं काऊन लागले जी?" तिनं विचारलं.

तेवढ्यात एक व्यापारी पिकअप घेऊन आला. अजून पायावर उभी असलेली डुकरं तो ब्रह्मपुरीकडे विकायला नेणार होता.

"दे मले बाई. इथी त मरूनच जातीन."

ती उठून कुंपणाच्या दारात आडवी उभी राहिली.

"नाई देत भाऊ. दुसऱ्याच्या घरी खोकला काऊन पाठवू?"

डुकरांवाचून तिच्याकडे दुसरं काहीच नव्हतं. व्यापारी हसला आणि शेजारच्या घरी गेला. तिथल्या माणसानं आपली डुकरं मुकाट्यानं गाडीत चढवली. मी अडवायला धावलो, पण गाडी निघून गेली. रोगाच्या वाटेत आडवं उभं राहिलेलं मी एकट्या त्या बाईलाच पाहिलं.

दिवस मावळायच्या आत डुकरीण मेली. बाईनं स्वतःच खड्डा खणायला घेतला. तो फारच रुंद होऊ लागला, तसं मी विचारलं, "बाई, एवढा मोठा कशाला?"

कुदळ न थांबवता ती म्हणाली, "बाकीचेबी इथीच येतीन."