गिनतीची सहावी जोडी

परवा कळंबला माझा सत्कार झाला. साठच्या दशकात गायरान जमिनीसाठी जेलमध्ये गेलो होतो म्हणून शाल, नारळ... नातीनं फोटो टाकला आणि तुम्ही भरभरून लाइक दिलेत. पण आत काय झालं ते कुणी विचारत नाही, म्हणून स्वतःच लिहितोय.

आम्ही अकरा सत्याग्रही, सगळे गावकुसाबाहेरचे, भूमिहीन. तरी आत मजेत होतो! एकाचं पत्र आलं की अकरा जण ऐकायचे, एकाला ताप आला की दहा जण उशाशी.

त्याच बराकीत शंकर होता. कुठंतरी चोरी झाली आणि याला उचललं... पुरावा काय, तर पारधी! भाकरी तीच, डाळ तीच, पण आम्ही अंगानं भरत होतो आणि हा वाळत चालला होता.

रोज सकाळी गिनती व्हायची. दोघादोघांनी जोडीनं उकिडवं बसायचं. आम्ही अकरा, त्यामुळं शेवटी मी एकटा आणि माझ्यामागं शंकर एकटा. एकदा शिपाई वैतागून म्हणाला, "दोघं एका जागी बसा की, मोजायला सोपं."

आणि मी, वीस वर्षांचा दीडशहाणा, ताठ मानेनं म्हणालो, "आमी सत्याग्रही हाओत. चोरासंगं न्हाय बसणार."

शंकरनं ऐकलं. त्या दिवसापासून त्यानं भाकरीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्यातले सगळ्यात वडील, तेरखेड्याचे तात्या, माझ्यावर उखडले. "आरं, त्याला पारधी म्हून धरलंय. आपल्याला गावाबाहेर ठिवलं, ते काय चोरी केली म्हून व्हय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिनतीला शंकरशेजारी जाऊन बसलो. तो आधी लांब सरकला... मीही त्याच्याकडं सरकलो. शिपायानं मोजलं, सहा जोड्या. दुपारी तात्यांनी त्याला आमच्या मधोमध जेवायला बसवलं. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली.

पुढं आम्ही सुटलो. फाटकावर घोषणा, गळ्यात हार... शंकर मात्र आतच राहिला. आमच्यापैकी एकानंही नंतर त्याची चौकशी केली नाही. कसले सत्याग्रही आम्ही! आजही संताप येतो, स्वतःचाच.

तात्या, तुमचे उपकार विसरलो नाही. पण परवा अंगावर शाल पडली तेव्हा एकच गोष्ट मनात आली... आम्ही सुटलो त्याच्या दुसऱ्या सकाळी शंकर गिनतीला पुन्हा एकटाच बसला असेल.